पांढरा साका

बडोद्यात जूनमधला पहिला मोठा पाऊस रात्री कोसळून गेला आणि सकाळी सहाला फोन आला : काळ्या घोड्याच्या पुलाखाली मासे वर आलेत. दांडिया बाजारातून स्कूटरवर पाणी तपासायची पेटी बांधून मी निघाले. उशीर परवडत नव्हता. रात्रभर शेवाळसुद्धा प्राणवायू खातच असतं, त्यामुळे नदीची खरी अवस्था पहाटेच कळते. दुपारी बाराला त्याच जागी तेच पाणी उन्हातल्या शेवाळामुळे बरं वाटू शकतं.

विश्वामित्री नदीच्या काठावर उतरून नमुना घ्यायची सोय नाही, मगरी असतात. पुलावरून दोर सोडावा लागतो. साधी बादलीही चालत नाही, पडता-उचलताना पाण्यात हवा मिसळते. वजन लावलेल्या डब्यात ३०० मिलिलिटरची बाटली बसवलेली असते. पाणी नळीतून तिच्या तळाशी जातं आणि आधी शिरलेलं वरून वाहून जातं. एक बुडबुडा राहिला तरी नमुना फुकट.

कठड्याशी गर्दी होती. मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून धडपडत होते, काही पांढरी पोटं वर करून वाहत चालले होते. "कुणीतरी विष टाकलंय," असं जो तो म्हणत होता. सयाजीबागेत फिरायला आलेले एक आजोबा मात्र ठाम होते.

"विष कसलं गं? ती बघ मगर, कशी निवांत पडलीय! मगरी जगतात म्हणजे पाणी चांगलंच की."

हे वाक्य बडोद्यात मी कितीदा ऐकलंय! नदीचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलंय, असं मला मनापासून वाटतं. मगर फुफ्फुसांनी श्वास घेते, नाकपुड्या पाण्याबाहेर काढून. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूशी तिच्या श्वासाचा संबंधच नाही. मासा कल्ल्यांनी घेतो तो तेवढाच. लिटरला निदान ४ मिलिग्रॅम तरी हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वर्गवारी मासे आणि वन्यजीवांच्या पाण्याबद्दल सांगते.

"आजोबा, दोन मिनिटं थांबा," म्हणून मी पेटी कठड्यावरच उघडली. बाटलीत मँगनीज सल्फेट सोडलं, मग अल्कली-आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट केली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. जितका प्राणवायू, तितका गडद.

साका पांढरा शुभ्र होता. खाली बसला तरी पांढराच.

हात थरथरला म्हणून दुसरी बाटली भरली. तीही तशीच. एरवी पुढे आम्ल घालून, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे असतात. इथे मोजायला काही उरलंच नव्हतं.

आजोबांना मी जमेल तसं सांगितलं. उन्हाळाभर कांसांमध्ये (पावसाळी नाल्यांना आपण बडोद्यात कांस म्हणतो) सांडपाण्याचा गाळ साचतो. पहिला पाऊस तो एका रात्रीत नदीत लोटतो, तळाचा गाळही ढवळून निघतो. तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. विष नाहीच, असं या दोन बाटल्यांवरून म्हणता येणार नव्हतं. विषाच्या तपासणीच्या बाटल्या वेगळ्या भरून बर्फात ठेवल्या.

आजोबा बराच वेळ बाटली उजेडाकडे धरून बघत होते. "आम्ही आजवा तलावाचं पाणी पिऊन मोठे झालो," ते म्हणाले, "या नदीकडे बघायची वेळच आली नाही."

मग त्यांनी विचारलं, तपकिरी साका कुठल्या पाण्यात दिसेल. शहराच्या वरच्या अंगाला, पावागडाच्या बाजूला बघू, मी म्हणाले. रविवारी पहाटे साडेपाचला ते माझ्या दाराशी उभे होते, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन.