व्ही-क्रॉसचा हौदा लांबवताना : पाइप झाला, आता सांधे

इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपचा मागचा हौदा लांबवायला पाइपचा पिंजरा करतोय. त्याचा यू आकार वाकवून झाला. २५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप, तीन आडवे थर, मध्ये उभ्या पट्ट्या. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, आडवा टाकला की पिंजरा त्याच्यावर उभा राहतो. नको तेव्हा आत उलटवायचा, हौद्यातच कुंपण तयार. पाच फुटांच्या आतला हौदा यामुळे साडेसहा फुटांच्या आसपास जातो. देवगडच्या बागांत आंबा काढणीला क्रेटची एक जादा ओळ आणि झेल्यांचे (आंबे उतरवायच्या जाळ्यांचे) लांब बांबू बसावेत, हीच गरज. बॉडीला किंवा चॅसिसला एकही वेल्ड नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणी बदलू देत नाही, त्यामुळे सगळं नट-बोल्टवर, काढता येईल असं.

आता खरं काम सांध्यांचं. किनाऱ्यावर पाइप नाही सडत, सांधा सडतो. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस बोल्ट थेट लावला आणि मध्ये खारं पाणी बसलं, की झीज अ‍ॅल्युमिनियमची होते. बोल्ट चकचकीत राहतो आणि भोक मोठं होत जातं. म्हणून प्रत्येक भोकात नायलॉनची बुश (नळीसारखं अस्तर), दोन्ही बाजूंना नायलॉन वॉशर. बोल्ट स्टेनलेसच्या ३१६ ग्रेडचे घेतले. ३०४ स्वस्त पडतो, पण ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्षारापुढे तेच टिकतं. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस हवंच, नाहीतर स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर जाम होतो. पाइपची टोकं बंद केली, पण खालच्या बाजूला बारीक भोक ठेवलं. आपल्याकडच्या पावसात पाणी कुठूनतरी शिरणारच, त्याला वाट हवी.

वजनाचं गणित मात्र नीट बघा. फाळक्यावर १०० किलो सारखं पसरलं आणि त्याला धरणाऱ्या दोन केबल ४५ अंशांत असल्या, तर प्रत्येकीवर साधारण ३५ किलोंचा ताण येतो. तेच वजन बाहेरच्या कडेला सरकलं की ताण दुप्पट. वर जांभ्याच्या सड्यावरचे दणके वेगळेच. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिमी आहे. मागच्या अ‍ॅक्सलपासून दीड मीटर मागे १०० किलो ठेवले तर पुढच्या चाकांवरचा भार ४८ किलोंच्या आसपास कमी होतो, म्हणजे घाटात स्टिअरिंग हलकं, पुढची पकड कमी. माझ्या मते पिंजरा लांबीसाठी आहे, वजनासाठी नाही. भरलेले क्रेट केबिनला टेकवून, रिकामे आणि बांबू मागे. फाळक्यावर भरलेले ठेवायचेच तर वीस-वीस किलोंचे दोन, एकावर एक नाही.

राहिलेलं काम : बिजागरीची पिन, खडखड थांबवायला फाळक्यावर रबरी पट्टी, मागे लाल रिफ्लेक्टर. नंबर प्लेट आडव्या फाळक्याखाली दिसते का, हे उभ्या माणसाच्या नाही, मागच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या उंचीवरून तपासणार आहे. पिनेला स्प्रिंगचं कुलूप लावावं की साधी आर-क्लिप (पिनेच्या भोकात अडकवायची वाकडी तार), हे ठरत नाहीये. किनाऱ्यालगत कुणी दोन पावसाळे स्प्रिंग वापरली असेल तर ती गंजून न अडकता अजून उघडते का, तेवढं सांगा.