सहा-सहा-सहा-चार

२३ ऑगस्ट, शनिवार

क्लायंटला साडीच्या काठासाठी डिझाइन हवंय. 'फेस्टिव्ह पाहिजे पण नेहमीचं नको', म्हणजे कोयरी नको, कमळ नको, मोर तर अजिबातच नको, आणि तरी बघितल्याबरोबर सणाचं वाटलं पाहिजे. मी फोनवर हो हो म्हटलं आणि मग डोंबिवलीत बसून पिंटरेस्टवर इतकं स्क्रोल केलं की शेवटी आपण काय शोधतोय तेच कळेनासं झालं. जपानी काठ, उझबेकी काठ, मेक्सिकन काठ, सगळे एकाहून एक सुंदर आणि एकाशीही माझं काही देणंघेणं नाही. गणपतीला गावी यायचंच होतं, म्हटलं चार दिवस आधी जाऊ, लॅपटॉप आणि स्केचबुक पिशवीत टाकलं आणि तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरले.

दारातच काकू, "काय गो, किती सुकलंस! मुंबयत जेवाक गावना नाय काय?" आणि हातपाय धुवेपर्यंत ताटात घावणे.

पाऊस मघांचा चाललाय, येतो, झोडपतो, जातो, मग असं लख्ख ऊन पडतं की डोळे दिपतात, मग परत येतो. हळवी भातं पोटरीला आलीयत, गरवी अजून नुसती हिरवीगार. संध्याकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन आले. कातळावर सीतेची आसवं पसरलीयत, लांबून बघितलं तर जांभळी चादर. ही इवलीशी नाजूक फुलं खरं तर किडेखाऊ झाडाची, मुळांसारख्या तंतूंना बारीक फुगे असतात त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि त्यावर हे झाड जगतं, कारण कातळावरच्या त्या पातळ मातीत खायला दुसरं आहे काय. नाव मात्र बघा कुणी काय ठेवलं. चित्र काढलं, बरं आलं, पण काठ काही सुचला नाही. जांभळा कोपरा तेवढा रंगवून ठेवला.

२६ ऑगस्ट, हरतालिका

आज माटवी बांधली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (ही वही तशी कोणी वाचणार नाहीये, पण असो), गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, परसातलं जे काही त्या आठवड्यात पिकलंय, फुललंय ते सगळं बांधतात. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, चिबूड, तवसं, शेरवड, कळलावी. बांधायला केवणीचा दोर. सुतळी चालते हो, पण काकांना नाही चालत.

मी ही माटवी लहानपणापासून बघतेय आणि दरवर्षी मला वाटायचं की तेच तेच आहे. यंदा पहिल्यांदा जाणवलं की ते तेच तेच नसतंच कधी. दोन वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, अधिक श्रावण आला होता त्यामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरला पडली होती, यंदा ती २७ ऑगस्टलाच आहे, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त फरक. देवाची तिथी तीच, चतुर्थी म्हणजे चतुर्थी, पण रान काही पंचांग बघून फुलत नाही. त्या वर्षीची कवंडळं लालभडक, फोटो आहे माझ्याकडे, यंदाची बहुतेक हिरवी, पांढऱ्या रेघांची. तेव्हा कळलावी शोधत फिरावं लागलं होतं आणि यंदा कुंपणाकुंपणावर आहे, पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या आणि टोकाला लाल, वारा लागला की जाळच. म्हणजे यादी ठरलेली, जागा ठरलेली, दिवस ठरलेला आणि माटवी मात्र दर वर्षी वेगळी, आणि ती वेगळी व्हावी म्हणून कोणीही काहीही केलेलं नाही! हे मला आमच्या धंद्याच्या दृष्टीने फार विचार करण्यासारखं वाटलं, कारण आम्ही मूडबोर्ड करतो तो जगभरचं काय काय गोळा करून, आणि इथे अट अशी की हाताच्या अंतरावर या आठवड्यात जे आहे तेच घ्यायचं.

शेरवडीपाशी बराच वेळ बसले. तिचं जे पांढरंशुभ्र पानासारखं दिसतं ते फूल नाहीच, फुलाखालच्या हिरव्या दलांपैकी एकच दल मोठं होऊन पांढरं पडतं आणि खरं फूल म्हणजे मधलं ते नारिंगी चिमुकलं. लांबून दिसावं म्हणून एवढा मोठा पांढरा पडदा. काढायला मजा आली, दोन पानं भरली.

देवाधर्माचं म्हणाल तर मी रोज पूजा करणारी नाही, उपासही आज केला तो काकूच्या धाकाने. पण एक गोष्ट आहे. क्लायंटची डेडलाइन पुढे ढकलता येते, मी किती वेळा ढकललीय, चतुर्थी नाही ढकलता येत. तुम्हाला सुचलंय का, मूड आहे का, बरं वाटतंय का, गणपती विचारत नाही. तो उद्या येणार. माटवी आज रात्री बांधून झालीच पाहिजे आणि ती होते. श्रद्धेबद्दल मोठमोठं बोलणाऱ्यांचं मला फारसं कळत नाही, मला कळते ती एवढीच बाजू, की कोणीतरी येणार आहे म्हणून आपण हात हलवतो. माझ्यासाठी हे पुष्कळ आहे.

भिंत पण रंगवली. मूर्तीमागच्या भिंतीवर दरवर्षी नवं चित्र काढायचं ही आमच्याकडची पद्धत, पूर्वी आजोबा गेरू, चुना आणि नीळ एवढ्यावरच करायचे. हल्ली वाडीत बऱ्याच घरी मागे फ्लेक्स लावतात, त्यावर कैलास पर्वत आणि धबधबा. मी काही बोलत नाही, ज्याची त्याची आवड, पण मला तो धबधबा बघवत नाही.

२८ ऑगस्ट, ऋषीपंचमी, खरं तर २९ लागून गेली

दुपारी ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, त्यामुळे परसातलं अळू, लाल माठ, भेंडी, कंद असलं सगळं एकत्र. बिनतेलाची, बिनमसाल्याची आणि तरी एवढी चव कुठून येते देव जाणे. लाल माठाने सगळ्या भाजीला जो गुलाबी रंग चढतो तो वहीत एका फडक्याने टिपून ठेवलाय, डाग म्हणून नाही हां, सॅम्पल म्हणून.

रात्री आमच्याकडे भजन झालं, आत्ताच मंडळी उसळपाव खाऊन गेली. पेटीवर बुवा, पखवाजावर काका, झांज आणि चकवा पोरांकडे. काकांनी आधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, थापटून थापटून सूर खाली आणला. हे काम ते कोणाला करू देत नाहीत आणि त्या वेळी कोणी बोललेलंही त्यांना खपत नाही.

बुवा तसे अवली आहेत. एखादं नवं सिनेमातलं गाणं जोरात चालू असलं की त्याची चाल उचलतात आणि तुकोबांच्या अभंगाला चढवतात, म्हातारे नाकं मुरडतात आणि पोरं खूष. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणजे काही चाली खरंच नको वाटतात पण एखादी अशी बसते की शब्द परत नव्याने ऐकू येतात.

पण आज जे झालं ते रूपाच्या अभंगाला. दरवेळी सुरुवातीला तोच. मी कोपऱ्यात स्केचबुक घेऊन बसले होते आणि हात आपोआप टाळावर टिंबं काढत होता, आणि मग सहज अक्षरं मोजली. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. शाळेत मोठ्या अभंगाचं लक्षण घोकलं होतं, तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. मार्क पण मिळाले होते. पण तेव्हा ते व्याकरण होतं, आज पहिल्यांदा मला तो काठ दिसला! पहिला घटक वेगळा, दुसरा-तिसरा एकमेकांना जुळणारे, चौथा लहान, आणि मग परत पहिल्यापासून. ज्याने कोणी हा छंद पहिल्यांदा वापरला त्याला रिपीट पॅटर्न आमच्यापेक्षा जास्त कळत होता हे नक्की.

लगेच काढून बघितलं. सहा पाकळ्या, सहा, सहा, चार. कागदावर तो काठ लंगडायला लागला, चौथ्यापाशी आला की ठेचच लागायची. भजन संपल्यावर काकांना दाखवलं, त्यांना आधी काही कळेना मी काय विचारतेय, मग हसले आणि मांडीवर ठेका धरून म्हणून दाखवलं. भजनी ठेका आठ मात्रांचा. या चालीत सहा अक्षरांच्या चरणाला एक आवर्तन जातं, आणि चार अक्षरांच्या चरणालाही एक अख्खं आवर्तनच जातं. ठे-वो-नि-या, ऐसपैस, शेवटचं तर लांबवून लांबवून. काका म्हणाले, "तेंका घाय नसता."

बस्स. म्हणजे चौथा घटक आखूड नाही, रुंदी तेवढीच, फक्त त्यात पाकळ्या कमी आणि मोकळी जागा जास्त. मी मघाशी तो कापला होता, तो पसरायला हवा होता. तिथल्या तिथे उसळीच्या वाटीशेजारी बसून परत काढला आणि काठ चालायला लागला.

आता झोप येत नाहीये. एक गंमत लिहून ठेवते, विसरेन नाहीतर. डोंबिवलीला पेटीच्या क्लासला सरांनी भूप शिकवला आणि मग देसकार, दोन्हीचे स्वर पाचच आणि तेच, सा रे ग प ध. भूपात गंधारावर भर, तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकारात धैवतावर भर आणि तो सकाळचा. मी तेव्हा सरांना म्हटलं होतं की सर, मग हे दोन राग कशाला, एकच म्हणा ना. ते नुसते वाजवत राहिले. सामान तेच, जोर कुठे द्यायचा तेवढंच बदलायचं आणि रात्रीची सकाळ होते. कवंडळ, शेरवड, कळलावी, तेरडा एवढंच सामान घेऊन मी किती काठ करू शकेन याचा हिशोब आत्ता डोक्यात चाललाय आणि तो संपत नाहीये.

३० ऑगस्ट

दिवसभर पाऊस, लाइट नाही. रंग वाळत नाहीत. पत्ते खेळलो.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

काल तेरड्याची गौर आणली, आज पूजा, उद्या जाणार. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते या गौरीकडे बघितलं की अगदी शब्दशः पटतं, सकाळी आणलेला गुलाबी दुसऱ्या दिवशी पोटाशी जांभळा पडायला लागतो. म्हणीत ती तक्रार आहे, टिकत नाही म्हणून. मला तर रंगाच्या तीन छटा फुकटात मिळाल्या. पहिल्या घटकाला ताजा गुलाबी, दुसऱ्या-तिसऱ्याला किंचित उतरलेला आणि चौथ्याला तो जांभळट, मोकळ्या जागेत. मागे कळलावीच्या वळणाची वेल. शेरवडीचं पांढरं दल फक्त यमकाच्या दोन घटकांत, म्हणजे डोळ्याला दुसरा-तिसरा एक जोडी आहे हे कळतं. असं सगळं ऐकायला फार जुळवून आणल्यासारखं वाटतं पण काढताना अर्ध्या गोष्टी हाताने केल्या आणि कारणं मी मागाहून शोधली, हे पण लिहून ठेवायला हवं.

मला आधी वाटायचं की काहीतरी वेगळं बघायला मिळालं की सुचतं, म्हणून प्रवास, म्हणून एक्झिबिशनं, म्हणून तो पिंटरेस्ट. ते खोटं नाही. पण या आठवड्यात जे सुचलं ते सगळं इतक्या वेळा बघितलेल्या, ऐकलेल्या गोष्टींतून, तो अभंग तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकत असणार. नवीन काहीच नव्हतं. कदाचित त्यामुळेच लक्ष द्यायला जागा मिळाली, कारण पुढे काय येणार हे माहीत होतं. आणि हे डोंबिवलीच्या खोलीत बसून झालं असतं का? माझं मत, नाही. तिथे मला मघा कधी लागल्या तेच कळत नाही, मोबाइलवर फक्त पावसाचं ढगवालं चित्र येतं.

दुपारी टेकडीवर जाऊन रेंज पकडली आणि क्लायंटला स्कॅन पाठवले. तासाभरात उत्तर. आवडलं म्हणे, खूप फ्रेश आहे, फक्त चौथ्या घटकात रिकामं वाटतंय, तिथे पण सहा पाकळ्या करून भरून काढता येईल का. मी लिहिलं, नाही येणार. मग वाटलं जरा उद्धट झालं, म्हणून खाली काकांचा ठेका धरलेला व्हिडिओ पाठवून दिला, बघू त्यातून काही कळतंय का.

काकांना सांगितलं तर ते भिंतीकडे बघून म्हणाले की तुझ्या चित्रात उंदराची शेपटी आखूड झालीय, ती आधी नीट कर. झालीय खरी. आणि भजनातल्या गजराचं अजून जमलेलं नाही, शेवटी लय चढत जाते ती काठात कशी आणायची, घटक जवळजवळ आणत नेले तर नुसती गर्दी दिसते. आज रात्री वरच्या घरी भजन आहे, तिथे पखवाजाच्या बाजूलाच बसायचं ठरवलंय. परवा परत आपल्याकडे मंडळी येणार म्हणून काकूने उद्या रात्री काळे वाटाणे भिजत घालायचं काम माझ्याकडे दिलंय आणि किती घालू विचारलं तर नेहमीएवढे म्हणते.