पाद्री होण्यासाठी बिशपचं पत्र: माझा अनुभव

भारतीय सैन्यात पाद्री म्हणून जायचं असेल तर धावण्याचा सराव नंतर करा, आधी बिशपच्या पत्राच्या मागे लागा. मी उलटं केलं. त्या एका पत्रापायी माझं जवळजवळ वर्ष गेलं, आणि धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) कार्यालयातली ती खिडकी आठवली की आजही जीव कावतो.

सैन्यातले धर्मगुरू ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर असतात, नायब सुभेदार म्हणून घेतले जातात. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू, पाद्री सगळे. पदवी कुठल्याही शाखेची चालते. पाद्र्यासाठी पुढची अट जाहिरातीत एका ओळीत संपते: योग्य धर्माधिकाऱ्यांकडून दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव कायम हवं. बिशपचं पत्र म्हणजे याचाच दाखला.

मी स्वतंत्र इव्हँजेलिकल मंडळीचा, म्हणजे कुठल्याही धर्मप्रांताखाली नसलेल्या प्रोटेस्टंट चर्चचा, पाळक. आमच्याकडे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. बिशप हे पदच नाही. दीक्षा खरी, सहा वर्षांची सेवा खरी, पण यादी कुणाची आणणार?

जवळच्या धर्मप्रांताच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही आमचे नाहीत, मग आमच्या यादीत कसे येणार?" प्रश्न रास्त होता. राग आला तो पुढच्या प्रकाराचा. नाही म्हणायचं तर लेखी द्या म्हटलं, ते देईनात. अर्ज बिशपांसमोर ठेवा म्हटलं, तेही करीनात. साहेब दौऱ्यावर आहेत. समितीची बैठक झाली की बघू. पुढच्या आठवड्यात या. चौथ्या खेपेला कळलं की माझा अर्जच सापडत नाही. मी पोच घेतली नव्हती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. म्हणून सांगतो, अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. इकडे वयोमर्यादा जवळ येत चाललेली.

शेवटी एका रविवारी उपासनेनंतर बिशपांनाच देवळाच्या दारात गाठलं. आठ दिवसांत त्यांनी भेटीला बोलावलं. भेट वीस मिनिटांची. "नागालँडचा बाप्टिस्ट, मिझोरामचा प्रेसबिटेरियन, केरळचा कॅथलिक, तिघे तुमच्यासमोर बसलेत. उपासना कशी घ्याल?" मला नीट उत्तर देता आलं नाही. सहा महिने त्यांच्या एका पाळकसाहेबांच्या हाताखाली सेवा करा, मग मंडळीच्या कमिटीने शिफारस केली तर यादीत नाव घालू, असं ठरलं. त्या सहा महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही. छापील उपासनाक्रम, दफनविधी, आजाऱ्याच्या खाटेपाशी प्रभुभोजन, हे मी तिथेच शिकलो. खिडकीपाशी वाया गेले ते चार महिने मात्र अजून बोचतात.

पत्र हाती आलं तेव्हा त्यात लिहिलेलं होतं, "सदर पाळक आमच्या परिचयाचे आहेत." आमच्या मंडळीतल्या निवृत्त हवालदार काकांनी ते वाचून परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे हवेत: दीक्षित, आणि आजही मान्य यादीत. पुन्हा तीच खिडकी, आणखी दोन आठवडे.

लेखी परीक्षेचे दोन पेपर, एक सामान्य ज्ञानाचा आणि एक आपल्या धर्माचा. निघाले. 1600 मीटर 8 मिनिटांत. तेही निघालं.

अमेरिकेतही सैन्यातल्या पाद्र्याला आपल्या धर्मसंस्थेचं शिफारसपत्र लागतंच. पण तिथे बिशप नसलेल्या मंडळ्यांनी वाट काढली आहे. 1942 साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स लहान मंडळ्यांच्या पाळकांनाही असं पत्र देते. आपल्याकडच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांनी निदान आपापल्या भागातल्या बिशपांशी आधीच बोलून ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं. एकेकट्या तरुणाने खिडकीशी का झगडावं?

आणि बायबल कॉलेजांनी शिकवणीत थोडी भर घालावी. पाद्र्याच्या कामात अंत्यविधी, रुग्णालयातल्या जवानांची भेट, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणं, मुलांचं धर्मशिक्षण हे सगळं येतं. मला प्रवचन करता येत होतं. कोठडीतल्या माणसासमोर गप्प कसं बसायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. सेवेत असताना पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये पंडितजी, ग्रंथीजी आणि मौलवी साहेबांच्या शेजारी बसून शिकलो. अंत्यविधीत काय चुकवून चालत नाही, हे प्रत्येकाने आपापल्या धर्माचं सांगितलं. ती वही मी पोस्टिंगवर सोबत नेतो.

एक राहिलंच. मूळ पत्राच्या सही-शिक्का असलेल्या दोन प्रती मागा, झेरॉक्सवर विसंबू नका.

या सुट्टीत आमच्या मंडळीतल्या एका तरुण पाळकाला घेऊन त्याच खिडकीशी गेलो. अर्जाच्या दोन प्रती होत्या, आणि हवालदार काकांनी पत्राचा मसुदाही लिहून दिला होता. आवक शिक्का पहिल्याच दिवशी मिळाला.