पत्रा, थर्माकोल आणि शेततळ्याचा कागद : आमची वाटचाल

आमच्या पाटीवर अजूनही ‘गेट, ग्रिल, ट्रॉली, शेती अवजारे’ एवढंच लिहिलेलं आहे. आप्पांनी ती १९९४ साली रंगवून घेतली आणि पहिली होडी केली त्याच्या दोन वर्षांनी, त्यामुळे होडी हा शब्द पाटीवर यायचा राहून गेला तो राहिलाच. भिगवणपासून आत, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला आमचं हे वेल्डिंगचं दुकान. आज निम्मं काम पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंचं आहे, पण नवीन माणूस अजून गेटचाच भाव विचारत येतो. होडी पाण्याने भरली तरी तळाला जाऊ नये म्हणून तिच्यात काय भरायचं, हे आम्ही कसं शिकलो त्याची ही गोष्ट.

सुरुवात होडीने झालीच नाही, पाणी उपसायच्या मोटारीने झाली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं, काठावर ठेवलेली मोटार कोरडी पडते, मग शेतकरी ती तराफ्यावर ठेवतो. दोनशे लिटरचे चार निळे ड्रम, वर अँगलची चौकट. रिकामा ड्रम नऊ-दहा किलोचा, म्हणजे पूर्ण बुडवला तर एकशे नव्वद किलो उचलणार. आप्पा चौथी शिकलेले, पण घरात दूध घालायचा धंदा होता, लिटर आणि किलो त्यांच्या बोटांवर असायचे. “जेवढं पाणी बाजूला सारील तेवढं वजन पेलंल,” एवढंच ते म्हणायचे. पुढच्या सगळ्या भानगडीत आम्हाला यापेक्षा जास्त शास्त्र कधी लागलं नाही.

मग एक मासेमारी करणारे मामा आले. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकायचे. ट्यूब फुकटात मिळते हे खरं, पण आमच्या काठाला वेडी बाभूळ इतकी माजलेली आहे की एक काटा लागला की संपलं. त्यांना पत्र्याची होडी हवी होती. सोळा गेजचा पत्रा, चौदा फूट लांबी, अँगल धरून एकशे वीस किलो झाली. झकास दिसत होती. पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्याने लाट आत घेतली आणि होडी सरळ तळाला गेली. मामा पोहत आले. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन एवढंच म्हणाले, “आप्पा, ट्यूब बरी होती की.”

पत्र्याचं हेच दुखणं आहे. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, त्यामुळे बुडालं तरी त्याचं वजन फारसं हलकं होत नाही. एकशे वीस किलोची होडी पाण्याखालीही एकशे पाच किलो भरते. फायबरची होडी, म्हणजे काचेचे धागे आणि कडक होणारं चिकट रसायन यांची, वेगळी; पाण्याखाली तिचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. नव्वद किलोच्या फायबर होडीला वर धरायला तीस लिटरच्या आसपास कोंडलेली हवा पुरते. लाकडी किंवा प्लायवूडची होडी तर स्वतःच तरंगते, तिला फक्त इंजिनाचा आणि माणसांचा हिशोब लावायचा. घरी होडी बनवणारे फोन करून पहिला प्रश्न विचारतात, “स्वस्तात काय भरू?” मी उलट विचारतो, “होडी कशाची करताय?” अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मामांच्या दुसऱ्या होडीत आम्ही बाकांखाली पत्र्याचे बंद डबे वेल्ड केले. आप्पांचा स्वतःच्या वेल्डिंगवर विश्वास. दोन वर्षांत सांध्यांवर गंज आला, सुईच्या टोकाएवढी भोकं पडली आणि एक डबा निम्मा पाण्याने भरला. हवाबंद डबा हवाबंद उरलाय की नाही हे बाहेरून कळत नाही. तेव्हापासून नुसत्या हवेवर आम्ही भरवसा ठेवत नाही. आत काहीतरी असायलाच हवं, जे भोक पडलं तरी पाण्याला जागा देणार नाही.

ते काहीतरी शोधण्यात आमची बरीच वर्षं गेली.

२००५ च्या सुमारास मी फायबरचं काम शिकून आलो आणि शहाणपणा दाखवायला थर्माकोलचा ठोकळा बाकाच्या आकारात कापून त्यावर थेट काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली, ब्रशने रेझिन, म्हणजे ते चिकट रसायन, मारलं. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोल खातं, हे शिकवणाऱ्याने सांगितलं नव्हतं, किंवा मी त्या दिवशी चहाला गेलो असेन. ब्रश फिरवता फिरवता मॅट खाली बसायला लागली. बारीक चुरचुर आवाज येत होता. पाच मिनिटांत चार इंचांचा ठोकळा बोटभर उरला आणि उरलेल्याचा चिकट काला झाला. आप्पा दारात उभे होते. काही बोलले नाहीत, आत जाऊन त्यांनी ट्रॉलीचं काम हातात घेतलं. इपॉक्सी रेझिनने असं होत नाही, पण ते महाग. पेट्रोल मात्र पॉलिस्टरसारखंच वागतं. टाकीतून दोनदा सांडलं की उघड्या थर्माकोलमध्ये खड्डे पडतात.

मग पीयू (पॉलियुरेथेन) फोम. दोन डबे, दोन रसायनं, काठीने ढवळायची आणि ओतायची. दुधासारखं उतू येतं आणि पावासारखं फुगून कडक होतं. पहिल्याच वेळी मी जरा जास्त ओतलं, बाकाची प्लायवूडची फळी स्क्रूसकट उचलली गेली. ते निस्तरता आलं. खरा धक्का तीन वर्षांनी बसला. पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवणारी एक होडी दुरुस्तीला आली, मालक म्हणाला जड झालीय. बाक कापला तर फोम चहात बुडवलेल्या खारीसारखा, हाताने पिळला तर पाणी गळत होतं. फोम वाईट नव्हता. आम्ही बाकाच्या पेटीला खाली निचऱ्याचं भोकच ठेवलं नव्हतं, आणि वरून मालकाने छत्रीचा दांडा बसवायला चार स्क्रू मारले होते. पाणी आत गेलं आणि महिनोन्महिने तिथेच बसलं. शिवाय ओतलेला फोम भिंतींना असा चिकटतो की काढून बघायची सोयच नाही.

मधल्या काळात मामांनी स्वतःचा उपाय काढला होता. भिगवणच्या हायवेवरच्या ढाब्यांवरून थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या गोळा करून जुन्या जाळ्यात बांधायच्या आणि बाकाखाली कोंबायच्या. बाटली पन्नास ग्रॅमची, उचलते जवळपास दोन किलो. एक फुटली तर बाकीच्या आहेत. पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, चेपतात. थंड पेयाची बाटली गॅसचा दाब सोसायला बनवलेली, ती टिकते. झाकण सकाळच्या गारव्यात घट्ट लावायचं, म्हणजे दिवसा आतली हवा तापून बाटली टणक राहते. ही युक्ती मामांची, मी फक्त सांगतोय. अडचण एकच, गोल बाटल्यांमध्ये तिसरा हिस्सा जागा वाया जाते. दोनशे लिटर उचल हवी तर पेटी तीनशे लिटरची लागते, आणि चौदा फुटी होडीत एवढी जागा दिली तर मासे ठेवायचे कुठे?

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि मखरं बंद झाली. आमचा शीट देणारा दुकानदार गिफ्ट आर्टिकलकडे वळला आणि मला पुण्याहून कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत घालतात तो जाड, घट्ट दाण्याचा थर्माकोल आणावा लागला. बंदीने आमचं भलंच केलं. त्याच दरम्यान शेजारच्या बागायतदाराच्या शेततळ्याचं अस्तर घालायचं काम चाललं होतं. पाचशे मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड काळा प्लास्टिकचा कागद, आणि कोपऱ्यात कापून टाकलेल्या तुकड्यांचा ढीग. तो कागद उन्हात वर्षानुवर्षं टिकायला बनवलेला असतो आणि पेट्रोलच्या शिंतोड्यांना दाद देत नाही. मी दोन पोती तुकडे उचलून आणले. त्याला कुठलाच गोंद लागत नाही, गरम हवेच्या गनने कडा वितळवून जोडाव्या लागतात. पहिले वीस ठोकळे मी जाळूनच ठेवले.

आता आमची पद्धत हीच आहे. गरम तारेने थर्माकोल कापायचा, शेततळ्याच्या कागदात गुंडाळून कडा बंद करायच्या आणि ठोकळा बाकाच्या पेटीत सुटा ठेवायचा. चिकटवायचा नाही, पण वर पट्टी मारून जखडायचा, नाहीतर होडी भरली की ठोकळा एकटाच तरंगत निघून जाईल. पेटीला खाली भोक. कागदामुळे दाणेही धरणात सुटत नाहीत. उघड्या थर्माकोलवर बसून मासे धरणाऱ्यांच्या जागी काठावर पांढरा चुरा साठतो, रोहित पक्षी त्यातच चोच घालत फिरतात, ते बघवत नाही. राहता राहिले उंदीर. पावसाळ्यात होडी उसाच्या कडेला पालथी ठेवली की ते कागदही कुरतडतात. त्यावर आमच्याकडे औषध नाही. होडी उसापासून लांब ठेवा.

किती भरायचं यापेक्षा कुठे भरायचं हे आम्ही उशिरा शिकलो. पहिली फायबर होडी आम्ही मुद्दाम शेततळ्यात बुडवून पाहिली, कंबरेला दोर आणि अंगात लाइफ जॅकेट घालून, कारण त्या कागदावरून पाय घसरला की बाहेर येता येत नाही. इंजिनाच्या जागी लोखंडी वजनं बांधली. वाळूची पोती नाहीत, ती पाण्यात फार हलकी होतात आणि आपणच आपल्याला फसवतो. थर्माकोल सगळा तळाच्या फळीखाली होता. होडी पाण्याने भरली आणि दहा सेकंदांत पालथी होऊन तळ वर करून तरंगायला लागली. बुडाली नाही, पण धरायला काही उरलं नाही. मग ठोकळे दोन्ही बाजूंना, काठाच्या जेवढं जवळ जाईल तेवढं वर घेतले. प्रत्येकी आठ फूट लांब आणि आठ इंच चौरस, दोन्ही मिळून दोनशे लिटर. आता ती भरली तरी सरळ राहिली, फक्त इंजिनाकडची बाजू खोल गेली. मागे आणखी एक छोटा ठोकळा घातला.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीतच, कळाशी आणि कुगाव या काठावरच्या गावांच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. त्या बोटीबद्दल मला काही बोलायचं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र फोन वाजत राहिले, “न बुडणारी होडी द्या.” त्या दिवसांत ऑर्डर लिहून घेताना हात जड व्हायचा. प्रत्येकाला एकच सांगितलं : ठोकळा होडीसाठी आहे, माणसासाठी जॅकेट वेगळं घ्या, आणि वारा उठला की काठ धरा.

हल्ली आम्ही नुसते ठोकळेही विकतो. घरी होडी करणारे बाकाची मापं पाठवतात, आम्ही कापून, गुंडाळून पाठवतो. भाव इथे लिहीत नाही, थर्माकोलचा दर दर महिन्याला हलतो. प्रत्येक ठोकळ्यावर पेंटने त्याचं वजन लिहिलेलं असतं. मृगाच्या आधी बाहेर काढा आणि मासे तोलायच्या काट्यावर ठेवा. वजन वाढलं असेल तर कागद फाटलाय.

मामांच्या होडीत अजून बाटल्याच आहेत. दरवर्षी पाच-सहा बदलतात. परवा नवीन ठोकळा दाखवला तर त्यांनी हातात घेऊन दाबून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, “चांगलाय. पण बाटली ढाब्यावर मिळती.”