वगाला उरलेला वेळ

सांगली जिल्ह्यातील यात्रांना आणि सभांना साउंड सिस्टीम पुरवणे हा माझा व्यवसाय आहे. गर्दीला काय आवडते हे मिक्सरवर बसणाऱ्याला लवकर कळते. कार्यक्रम रंगत नसला की संयोजक ‘आवाज वाढवा’ म्हणून सांगायला येतात आणि लोक कान देऊन ऐकू लागले की आवाज आपोआप कमी करावा लागतो. तासगाव तालुक्यातील एका गावच्या यात्रेत मला हे फार ठळकपणे दिसले. लोकांची आवड उतरली, त्यांना तमाशातला वग, म्हणजे शेवटी होणारे नाटक, आता नको असतो असे म्हणतात; त्या रात्री मला तसे दिसले नाही.

आधी एका पुढाऱ्याचा सत्कार आणि मग तमाशा असा बेत होता. सत्कार सुरू व्हायलाच नऊ वाजले. हार-फेटे आणि प्रास्ताविके लांबत गेली, मागचे लोक आपसांत बोलू लागले आणि कमिटीतील एक जण सारखा येऊन फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर सरकवायला सांगू लागला. एका मर्यादेपलीकडे माईक शिट्टी मारतो, पण शब्द काही पोहोचत नाहीत.

तमाशाचा फड रंगमंचावर आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागेवरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात. वर्षातून फार तर १५ दिवस शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते. तशी सवलत या यात्रेला होती. गण, गवळण, बतावणी आणि सर्वांत शेवटी वग हा तमाशाचा क्रम असल्यामुळे वेळ कमी पडला की कात्री वगालाच लागते.

“वग राहू द्या, पब्लिकला आता गाणीच पाहिजेत,” असे यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी फडाच्या मॅनेजरला सांगितले. “अध्यक्ष, अर्धा तास तरी द्या. माणसं वगासाठीच बसल्यात,” असे म्हणून मॅनेजरने तो मिळवला.

गाण्यांना पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईल वर धरले. वग लागताच त्यांतली बरीच पोरे उठली. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका आणि म्हातारी माणसे मात्र पुढे सरकली. हवालदार झालेला सोंगाड्या पट्टा आवळता आवळता अगदी हलक्या आवाजात एक वाक्य बोलला आणि ते संपायच्या आतच मागून हसू आले. मी फेडर खाली घेतला.

हा जिल्हा कवलापूरच्या काळू-बाळू या तमासगीर जोडीचा आहे. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे दोन हवालदार इथली जुनी माणसे अजून सांगतात. वाटेगावच्या शाहीर अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा राजकारणसुद्धा तमाशाच्या अंगाने सांगितले गेले आणि लोकांनी ते मन लावून ऐकले. त्यामुळे लोकांची आवड उतरली हे मला मान्य नाही. शिट्टी मारणाऱ्याची आवड मोजली जाते. गप्प बसून ऐकणारा हिशेबातच धरला जात नाही.

बाराला बंदोबस्तावरचे पोलीस आले. “पुढं होऊ द्या,” असा ओरडा सुरू असतानाच मला आवाज बंद करावा लागला आणि वग अर्ध्यातच तुटला.

वायरी गुंडाळताना मी अध्यक्षांना सुचवले की, पुढच्या वर्षी तमाशा आठलाच लावावा आणि सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावा. ते म्हणाले, “सकाळी ठेवला तर माणसं येतील का?” सत्काराची गर्दी तमाशाच्या नावावर जमते हे त्यांना पक्के ठाऊक होते; आणि तरीही तमाशाच्या वाट्याला उरलासुरला वेळ द्यायचा आणि वर लोकांना वग नको असतो म्हणायचे, हे मला अजून पटलेले नाही.