त्सोलफेराइनचा मनोरा फोटोत उताणा का पडतो?

जर्मनीतल्या एसेनच्या मुख्य स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम थेट त्सोलफेराइनला, म्हणजे तिथल्या बंद पडलेल्या कोळसा खाणीपाशी सोडते. उतरल्यावर जो तो एकच चूक करतो. खाणीच्या ५५ मीटर उंच लोखंडी मनोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन कॅमेरा वर करतो, आणि फोटोत मनोरा उताणा पडायला आलेला दिसतो. इंटरनेटवर या खाणीचे फोटो बघा. कितीतरी असेच, वर निळंशार आकाश. मला तरी ते बघवत नाहीत.

कारण ही जागा पट्टी लावून आखलेली आहे. १२ क्रमांकाची ही खाण १९३२ मध्ये सुरू झाली. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी पोलादी सांगाड्याच्या चौकटी उभ्या केल्या आणि त्यांत विटा भरल्या. भिंतींवर भार नाही, सगळं वजन सांगाड्यावर. मनोऱ्याचे बाहेरचे पाय मात्र मुळातच तिरके. त्यामुळे कॅमेरा कलला, की शुप-क्रेमरचा तिरपेपणा कुठला आणि आपल्या हाताचा कुठला, हे समजायला मार्ग उरत नाही.

उपाय साधा: सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा पत्रा) जमिनीला काटकोनात ठेवायचा, म्हणजे कॅमेरा जराही वर-खाली झुकवायचा नाही. मग क्षितिजरेषा चौकटीच्या बरोबर मध्यावर येते आणि उंचीसाठी फक्त वरचा अर्धा भाग उरतो. फुल-फ्रेम (३६ x २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरला तर हा अर्धा भाग १८ मिलिमीटरचा. डोळ्याच्या पातळीपासून टोक सुमारे ५३ मीटर वर. म्हणजे २४ मिमी लेन्सला ७१ मीटर मागे जावं लागतं, ३५ मिमीला १०४. कडेला हवा हवी तर आणखी दहा टक्के. खालच्या अर्ध्यात नुसती फरशी आणि गवत येतं, ते कापून टाकायचं. २४ मिमीचीच, पण कॅमेरा न झुकवता १२ मिमी वर सरकणारी शिफ्ट लेन्स असेल तर हेच अंतर ४३ मीटरवर येतं. पण पूर्ण सरकवल्यावर वरचे कोपरे मऊ पडतात, म्हणून लेन्सचं छिद्र लहान ठेवायचं, एफ-८ ते एफ-११. सॉफ्टवेअरमध्ये नंतर सरळ करू म्हणाल, तर वरचा भाग ताणला जातो, तिथलेच बारकावे विरतात आणि कडा कापल्या जातात. तसं करायचंच असेल तर दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडून फोटो घ्या.

प्रकाशाचं गणित उलटं आहे. ऊन पडलं की लोखंडी पट्ट्यांच्या सावल्या पट्ट्यांवरच पडतात आणि जाळी वाचता येत नाही. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने १९५९ पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या टिपल्या त्या ढगाळ दिवशी, मोठ्या प्लेट कॅमेऱ्यावर, समोरून, आणि जमेल तिथे उंचावर चढून. पांढऱ्या आकाशाने कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि इमारत काळवंडते, म्हणून उजेड दोन-तृतीयांश स्टॉप वाढवायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ-८ धरलं तर साधारण १/४० सेकंद, म्हणजे ट्रायपॉड हवाच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. इतका लाल रंग बघून कॅमेरा घाबरतो आणि विटा निळसर करतो. ६५०० केल्विनवर अडकवून टाका. रिमझिम सुरू झाली की लोक कॅमेरे पिशवीत घालतात. ओल्या विटांचा रंग खुलतो तो नेमका तेव्हाच.

आतल्या गर्दीबद्दल माझं मत फारसं बरं नाही. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे आणि डच वास्तुविशारद रेम कूलहासच्या संस्थेने जोडलेला नारिंगी सरकता जिना २४ मीटरवरच्या मजल्यावर नेतो. तिथे सगळे आधी जिन्याचेच फोटो काढतात. काढायचाच असेल तर नुसता उजेडाचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) बघून फसू नका. तो ठीक दिसतो आणि लाल चॅनल केव्हाच फुटलेला असतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे गेलेले असतात. जिना मग सपाट भगव्या कागदासारखा येतो. एक स्टॉप कमी करा, तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे बघा. इलेक्ट्रॉनिक शटरने आडवे पट्टे आले तर १/५० किंवा १/१०० वर या, कारण तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. जिना चढून वर मात्र जरूर जा. मनोऱ्याच्या उंचीच्या मध्याजवळ कॅमेरा नेला की क्षितिजही मध्ये येतं आणि खालची जमीन फुकट जात नाही. शिडीवर चढणाऱ्या बेखर दांपत्याचं गणित हेच.

खाण १९८६ ला बंद झाली, कोळशाचा कोक करणारी भट्टी १९९३ ला, आणि २००१ मध्ये हे सगळं जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्याकडे गिरणगावातही हेच अंतराचं गणित लागू पडतं. लोअर परळला मॉलमध्ये उभी असलेली फिनिक्सची चिमणी टिपायला मागे सरकावं, तर पाठीला दुकानाची काच लागते.

कोक भट्टीच्या बाजूला लांबलचक पाण्याचा हौद आहे. भट्ट्यांचं प्रतिबिंब हवं असेल तर कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणा आणि पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) काढून ठेवा. लावूनच ठेवला, तर चुकीच्या कोनात तो प्रतिबिंबच पुसतो. आणि थंडीत गेलात तर हौदावर बर्फाचं स्केटिंगचं मैदान असतं, तेव्हा प्रतिबिंब विसरा.