शेजारचं शून्य

मे महिन्यात पुण्यात संध्याकाळी साडेपाच-सहाला फोन सुरू होतात. "आमच्याकडे धो धो कोसळतोय, तुमच्याकडे?" "छे, टिपूस नाही. नुसता वारा सुटलाय." बोलणारा एक कोथरूडचा, दुसरा हडपसरचा. दोघंही खरंच बोलत असतात. दुसऱ्या दिवशी 'शहराला पावसाने झोडपले' असं छापून येतं, तेव्हा हडपसरचा माणूस पेपर बाजूला टाकतो आणि रात्रभर तापलेल्या घरात ज्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, त्यांच्यावरची धूळ पुसायला घेतो.

वळीव असाच असतो. मोसमी पाऊस गोधडीसारखा सगळ्यांवर पांघरला जातो. वळीव म्हणजे गोधडीतलं एक ठिगळ. पावसाची नोंद ठेवायचा छंद असणाऱ्या मंडळींना मृगापेक्षा या ठिगळाचं वेड जास्त, कारण त्याची कड कुठून कुठे गेली हे कुठल्याच एका वेधशाळेला एकटीने सांगता येत नाही. त्यासाठी आठ-दहा गच्च्यांवर आठ-दहा मापकं लागतात. आणि त्यातली निम्मी रिकामी राहावी लागतात.

ठिगळ पडतं कसं? दुपारी जमीन तापते, हवा वर उठते, आणि समुद्राकडून आलेली ओल तिच्यात पुरेशी असेल तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच जातो. वर गेल्यावर त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. एका सुट्या ढगाचं आयुष्य अर्धा ते एक तास. जोराचा पाऊस पडतो तो खांब बहुधा तीन-पाच किलोमीटर रुंद. पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर गार हवा धपकन खाली येते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि मूळ ढगाचाच पाय कापते. पण पसरत जाणाऱ्या त्या गार वाऱ्याच्या काठावर पुढची गरम हवा उचलली जाते आणि तिथे नवा ढग धरतो. म्हणून वळीव पुढे सरकल्यासारखा दिसला तरी पुष्कळदा तो सरकत नसतो. एक ढग मरतो आणि शेजारी दुसरा जन्मतो. मधली जागा कोरडी राहते ती यामुळे.

तो गार वारा थर्मामीटरवर फार सुंदर दिसतो. अडतीसवरचा पारा दहा-पंधरा मिनिटांत अठ्ठावीसवर येतो आणि अंगणात थेंब नसतो. मातीचा वासही त्याच वाऱ्याबरोबर येतो. वास आला की लोक 'आला, आला' म्हणून दोरीवरचे कपडे काढतात. खरं तर वासाने एवढंच कळतं की पाऊस पडला आहे, कुठेतरी. आपल्याकडे येईलच असं त्या वासात काही नसतं. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हणही बहुधा अशाच कोरड्या अंगणात उभ्या असलेल्या कुणीतरी केली असावी. गडगडाट दहा-पंधरा किलोमीटरवरून ऐकू येतो. गर्जला तो बहुधा पडलेला असतो, म्हण करणाऱ्याच्या शेतात नाही एवढंच.

एक साधा हिशेब सकाळीच करून ठेवता येतो. दुपारचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, यांतल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ किती मीटर उंचीवर असेल याचा अंदाज येतो. एप्रिलच्या सुरुवातीला तापमान ३९ आणि दवबिंदू १५ असेल तर तळ ३,००० मीटरवर. एवढ्या उंचीवरून निघालेला थेंब कोरड्या हवेतून खाली येता येता वाटेतच संपतो. ढगाच्या पोटाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, त्या जमिनीला टेकतच नाहीत, आणि खाली मिळते ती वावटळ आणि डोळ्यांत माती. मेच्या शेवटी तापमान ३६ आणि दवबिंदू २२ झाला की तळ १,७५० मीटरवर उतरतो. तेव्हा मापक धुऊन ठेवायचं.

मापकाचं म्हणाल तर हा छंद स्वस्त आहे आणि स्वस्तातच जास्त चुका आहेत. मोठ्या डब्यावर सरळ भिंतीचं नरसाळं बसवलं की काम झालं, पण नरसाळ्याचं तोंड आतून मोजायचं. आतला व्यास १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिलिटर पाणी बरोबर १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानात २० मिलिलिटरची सिरिंज मिळते. तिच्या एका ओढीत एक मिलिमीटर येतो, तिच्यापेक्षा सोयीचं मोजपात्र नाही. गंमत पुढे आहे. लोक नरसाळ्याच्या सरळ भिंतीसाठी १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणतात, आणि ते माप असतं बाहेरचं. आतून तो १५ सेंटिमीटरच भरला तर क्षेत्रफळ १७७ वर येतं आणि प्रत्येक पाऊस बारा टक्के कमी लिहिला जातो. वर्षानुवर्षं. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण चूक नेहमी एकाच बाजूला असते आणि वळीव तर कमी-जास्त पडतोच.

स्वयंपाकघरातलं उथळ नरसाळं नको. वळवाचे टपोरे थेंब त्याच्या उतारावरून उडून बाहेर जातात, गारा तर टेबलटेनिसच्या चेंडूसारख्या. उतार सुरू होण्याआधी हातभर नाही तरी वीतभर उभी भिंत हवी. जागा निवडताना अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडायचं: कठडा एक मीटर तर त्याच्यापासून दोन मीटर, पाण्याची टाकी दोन मीटर तर तिच्यापासून चार. हवामान खात्याचं साधं पर्जन्यमापक मोकळ्या मैदानात असतं आणि त्याचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. गच्चीवर वारा जास्त, त्यामुळे तिरका पाऊस तोंडावरून निघून जातो आणि गच्चीचा आकडा सहसा कमीच येतो. त्याला इलाज नाही. मापक एकदा बसवलं की हलवायचं नाही, म्हणजे निदान स्वतःच्या कालच्या आकड्याशी तुलना खरी राहते.

गारांनी नरसाळं भरलं तर त्या वितळायची वाट बघत बसायचं नाही. तोवर वाऱ्याने अर्ध्या उडतात. तीन-चार सिरिंजा कोमट पाणी मोजून ओतायचं, गारा विरघळल्या की सगळं पाणी मोजायचं आणि ओतलेलं वजा करायचं. वजा करायला विसरणारे दरवर्षी निघतात. एखाद्याच्याच गच्चीवर आजूबाजूपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त दिसले आणि गारा पडल्या होत्या असं कळलं, की पहिला प्रश्न कोमट पाण्याचा.

आपोआप मोजणाऱ्या यंत्रात सी-सॉसारखी दोन खोलगट वाट्यांची पट्टी असते. एक वाटी भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडण्याला लोहचुंबकाने एक स्विच लागतो. बहुतेक यंत्रांत एक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर. साध्या पावसात हे उत्तम चालतं, वळवात गडबडतं. ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळायला लागला की वाटीला दर सात सेकंदांनी कलंडावं लागतं, आणि ती कलंडत असताना पडलेलं पाणी आधीच भरलेल्या वाटीत जातं, मोजलं जात नाही. आकडा कमी येतो, आणि पाऊस जितका जोराचा तितका जास्त कमी.

म्हणून मार्चमध्येच यंत्र तपासायचं. नरसाळं २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर एका कलंडण्याला ४ मिलिलिटर लागतात. ४०० मिलिलिटर पाणी सलाईनच्या नळीने थेंबथेंब तासाभरात सोडायचं आणि १०० ठोके येतात का बघायचं. ९५ आले तर वाट्यांखालचे दोन्ही स्क्रू सारखेच, पाव पाव फेरा वर घ्यायचे आणि पुन्हा ४०० सोडायचं. एकाच बाजूचा स्क्रू फिरवला तर यंत्र लंगडतं. पाणी तांब्याने ओतून 'टेस्ट केली' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये.

आकडा हातात आला की तारखेचं त्रांगडं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १२ मेच्या संध्याकाळी पडलेला वळीव अधिकृत नोंदीत १३ मेच्या नावावर जातो. छंदी माणसं त्याच संध्याकाळी मोजतात आणि तेही बरोबर आहे, कारण सकाळपर्यंत पाणी उडतं, कावळा चोच बुडवतो. पण एकाने १२ लिहिली, दुसऱ्याने १३, तर नकाशावर एकाच ढगाचे दोन पाऊस होतात. उपाय सोपा: पडला ती वेळ लिहायची, सुरू कधी, थांबला कधी. 'सायंकाळी ५:४० ते ६:००, १२ मिमी' एवढ्यावरून ताशी ३६ चा वेग होता हेही निघतं. नुसत्या '१२ मिमी'वरून काहीच निघत नाही.

हल्ली बरेच जण मोबाइलवर रडारचं चित्र उघडूनच पावसाची बातमी देतात. मुंबईत कुलाब्याचं रडार आहे, वेरावलीचं आहे, चित्रं रंगीत आहेत. पण रडारचा सगळ्यात खालचा किरणही किंचित वर तिरका जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यापर्यंत पोचताना तो दोनेक किलोमीटर उंचीवर असतो. शिवाय मध्ये सह्याद्री आडवा. म्हणजे रडारला दिसतं ते ढगाचं पोट. पोटातलं जमिनीवर आलं की झालरीतच सुकलं, हे त्याला ठाऊक नसतं. चित्रात आपलं घर पिवळ्या रंगाखाली आहे आणि अंगण कोरडं ठाक, हे एप्रिलमध्ये नेहमीचं. उलट गारा असल्या की रडार भलतंच लालजांभळं होतं आणि पाऊस फुगवून सांगतं. विजांसाठी मात्र मोबाइल जवळ असलेला बरा. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप वीसेक किलोमीटरच्या आत वीज पडली की सांगतं. अॅप नसेल तर चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. मापकातलं पाणी अर्ध्या तासात कुठे पळत नाही.

हौशी लोकांच्या या ठिगळमोजणीकडे लोक थोडं हसूनच बघतात. पुण्यात हसणं त्यातल्या त्यात जास्त, कारण १९२८ साली सिमल्याहून आलेलं हवामान खातं, त्याच्या 'सिमला ऑफिस'सकट, शहराच्या मधोमध बसलेलं आहे. मग तुम्ही कशाला? तर शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव एवढे आकडे आले तरी त्यांच्यामधून एक अख्खा वळीव निसटून जाऊ शकतो. गावाकडे तर हे गमतीचं राहत नाही. राज्यात 'महावेध' या सरकारी प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, साधारण एका महसूल मंडळाला एक. राज्याच्या क्षेत्रफळाला भागलं तर एका केंद्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटर येतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. केंद्र मंडळाच्या एका टोकाला, ढग फुटला दुसऱ्या टोकाला, द्राक्षबाग झोपली आणि कागदावर ११ मिलिमीटर. उलटही होतं, पण उलट झालेल्याची तक्रार कोणी करत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपिटीने हातातोंडाशी आलेली रब्बी गेली, तेव्हाही बांधाच्या अलीकडे उभा गहू आणि पलीकडे आडवा असं चित्र होतंच.

म्हणून या छंदातली सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे शून्य. ४० मिलिमीटर पडलेला माणूस न सांगता कळवतो, फोटोही पाठवतो. शून्यवाला गप्प बसतो, त्याला वाटतं यात सांगण्यासारखं काय? पण पाच किलोमीटर बाय तीन किलोमीटरवर सरासरी १२ मिलिमीटर पडला तर ते १८ कोटी लिटर पाणी झालं. हा पाच बाय तीनचा आकडा काढायचा तर चारही बाजूंची शून्यं हातात पाहिजेत. ती आली नाहीत तर पाऊस नकाशावर हवा तेवढा पसरवता येतो आणि लोक पसरवतातही. वहीत शून्य आणि रिकामी जागा यांत फरक ठेवायचा: शून्य म्हणजे बघितलं, काही नव्हतं; आडवी रेघ म्हणजे बघितलंच नाही. चार थेंब पडून मोजण्याइतकं साचलं नसेल तर 'थेंब' असं अक्षरात लिहायचं. गावाला गेलात तर रेघ ओढायची, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून शून्य भरायचं नाही.

मृग लागेपर्यंत हे असं चालतं. २०२५ साली तेवढाही वेळ मिळाला नाही. मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, नेहमीची तारीख ११ जून, आणि वळवाची वही अर्धवट राहिली.

आता मे आहे म्हटलं तर गुलमोहर आहे. पाऊस थांबून अर्धा तास झाला, गडगडाट लांब गेला, शेजारच्या दोन गच्च्यांवरून आठ आणि दहा असे निरोप आले आणि यंत्राच्या पडद्यावर ०.० दिसतंय, तर लगेच लिहू नये. कड आपल्या घरावरून गेली असेलही. पण वर जाऊन नरसाळ्यात डोकवावं. तळाच्या भोकावर एखादी लाल पाकळी चिकटून बसलेली असते आणि तिच्यावर चार बोटं गढूळ पाणी. सिरिंज घ्यायची, ओढी मोजायच्या, मग पाकळी काढायची. या क्रमाने. आधी पाकळी काढली तर पाणी वाट्यांतून जातं आणि यंत्र पाऊण तासापूर्वीचा पाऊस आत्ताच्या वेळेला नोंदवून टाकतं.